इंजिन बंद पडलं? आधी सांगा, कसं बंद पडलं

फोन येतो, ‘दादा, गाडी चालता चालता बंद पडली.’ मी विचारतो, ‘कशी?’ पलीकडचा गडबडतो. ‘कशी म्हणजे? पडली बंद!’ मग एकेक प्रश्न विचारून माहिती काढून घ्यावी लागते.

चिपळुणात माझं दुचाकींचं गॅरेज आहे. इथून कराडकडे जाणारा रस्ता कुंभार्ली घाटातून चढतो. त्या चढावर बंद पडलेल्या गाड्या टेम्पोत घालून खाली येतात, आणि गॅरेजच्या दारात उतरवल्या की पहिल्या किकला सुरू होतात! गिऱ्हाईक ओशाळतं. पण त्याचं काही खोटं नसतं. इंजिन थंड झालं की दोष लपतो. म्हणून जे काय बघायचं ते रस्त्यावर, इंजिन गरम असतानाच बघायचं.

बंद पडण्याचे प्रकार तीन. खटकन, एका क्षणात. आचके देत, गुदमरत. नाहीतर आवळत, मागचं चाक धरत. खटकन गेली तर करंट, आचके दिले तर पेट्रोल, आवळत गेली तर इंजिनाच्या आतली गोष्ट. अपवाद असतात, पण शोधाची सुरुवात इथूनच करा.

त्याआधी जीव सांभाळा. इंजिन गेल्याचं कळताक्षणी क्लच दाबा. गिअरमध्ये अडलेलं इंजिन मागचं चाक ओढतं, आणि ओल्या रस्त्यावर तेवढ्यानं गाडी फेकली जाते. क्लच दाबला की ती मोकळी धावते. आरसा, डावा इंडिकेटर, मग हळूहळू डावीकडे. ब्रेकला इंजिन लागत नाही, तो नेहमीसारखाच लागतो. चावी मात्र गाडी थांबेपर्यंत बंद करू नका, तिच्याबरोबर दिवे जातात आणि एबीएस (ब्रेक मारताना चाक घसरू न देणारी यंत्रणा) असेल तर तेही. वळणावर शक्यतो थांबू नका, वेग असेपर्यंत पुढच्या सरळ पट्ट्यात या. चढावर उभं राहावं लागलं तर पहिला गिअर टाकून क्लच सोडा, गाडी मागं सरकत नाही.

आता किल स्विच बघा, म्हणजे हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण. हसू नका. पावसाळ्यात रेनकोटची ढगळी बाही त्याला लागते आणि तो बंद बाजूला जातो. मग साइड स्टँड. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद होतं, कारण स्टँडच्या बुडाशी सेन्सर असतो. तिथं लाल माती बसली किंवा स्प्रिंग सैल झाली की खड्ड्यात आदळताच स्टँड जरासा हलतो आणि गाडी मरते. पाण्यानं धुवा, स्टँड चार वेळा वरखाली करा. गाडी नुकतीच आडवी झाली असेल तर चावी बंद करून पुन्हा चालू करा. गाडी कलल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर बऱ्याच गाड्यांत तेवढ्यानं पूर्ववत होतो.

खटकन गेलेल्या गाडीत पहिला प्रश्न एकच : मीटरवरचे दिवे पेटतायत का? सगळंच अंधारात गेलं असेल तर बॅटरीची टर्मिनल्स, मेन फ्यूज आणि चावीचा स्विच, या तिघांपलीकडे सहसा जावं लागत नाही. सीट उघडा, टर्मिनल हातानं हलवा. हललं तर स्क्रू आवळा. पांढरी-हिरवी बुरशी आली असेल तर खरवडा. फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा लावा, सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळू नका. फ्यूज पुन्हा लगेच उडाला तर वायर कुठंतरी लोखंडाला टेकतेय, आणि चांदी लावली तर पुढच्या खेपेला फ्यूजऐवजी वायरिंग जळेल.

दिवे आहेत, सेल (बटणाचा स्टार्टर) फिरतो, पण इंजिन पकडत नाही, असं असेल तर ठिणगी बघायची. याची माझी पद्धत ऐका. टूलकिटमध्ये एक जादा स्पार्क प्लग ठेवायचा. इंजिनातला प्लग जागेवरच राहू द्यायचा, फक्त त्याची कॅप ओढून जादा प्लगला लावायची, आणि त्या प्लगचं लोखंड इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट टेकवायचं. हात कॅपच्या रबरावर. मग दुसऱ्याला सेल मारायला सांगायचं. निळी, टणक ठिणगी हवी. इंजिनातला प्लग उघडून बघायची सवय अनेकांना असते, पण त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि ठिणगी शेजारीच पडत असते. इंजेक्शनच्या गाडीत, म्हणजे जिथं कार्बोरेटरऐवजी पंपाच्या दाबानं पेट्रोल फवारलं जातं, हे फारच धोक्याचं. प्लग अधांतरी ठेवूनही सेल मारू नका, कॉइल किंवा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, जाऊ शकतो.

ठिणगी नसेल आणि पाऊस असेल तर संशय प्लग कॅपवर. कॅप आतून कोरडी पुसा. ती वायरवर स्क्रूसारखी फिरवून बसवलेली असेल तर काढून वायरचं टोक जरासं कापा आणि पुन्हा फिरवून बसवा. कुजलेली तार जाते, करंट परत येतो.

पाऊस नाही, इंजिन चांगलं तापलंय आणि ठिणगी गेलीय, अर्ध्या तासानं मात्र काहीच झालं नाही अशा थाटात ती परत येते : हा पिकअप कॉइलचा, म्हणजे ठिणगी कधी पडायची ते सांगणाऱ्या कॉइलचा, जुना खेळ. आतली बारीक तार तापून फुगली की तुटल्यासारखी वागते, थंड झाली की जुळते. ठिणगीचा करंट बनवणारी इग्निशन कॉइलही असंच करते. थंड असताना तपासणीचा मीटर लावला तर दोन्ही ठणठणीत दिसतात, म्हणून फिटर बिचारा प्लग, मग कार्बोरेटर, मग आणखी काहीतरी बदलत बसतो. गाडी बंद पडलेल्या क्षणी ठिणगी होती की नव्हती, एवढं जरी तुम्ही सांगू शकलात तरी त्याचं अर्धं काम झालं.

गॅरेजला आल्यावर मी आणखी एक करतो, तुम्हालाही घरी जमेल. मेन स्टँडवर, न्यूट्रलला इंजिन चालू ठेवा आणि हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवा. आवाज तुटला तर हँडलच्या मानेशी वाकून वाकून वायर तुटलीय, बाहेरचं आवरण साबूत असलं तरी. आवाज वाढला तर एक्सलेटर केबल ताणली जातेय, तो वेगळा आजार. आणि कुणी रस्त्याकडेला अलार्म, जीपीएस किंवा जादा हॉर्न बसवून दिला असेल तर तो जोड आधी उघडा. इग्निशनची वायर मध्येच सोलून चिकटपट्टी गुंडाळलेली सापडेल. या जोडांचा मला मनापासून राग आहे.

आचके देत बंद पडणाऱ्या गाड्यांत सर्वात फसवा प्रकार टाकीच्या झाकणाचा. कार्बोरेटरच्या गाडीला झाकणात हवेचं बारीक भोक असतं. पेट्रोल खाली जातं तेवढी हवा आत यावी लागते, नाहीतर टाकीत निर्वात पोकळी होते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. एक पोरगा दर आठवड्याला कराडला जायचा. गाडी गावात सुरेख चालायची, घाटाच्या पायथ्याचं पोफळी ओलांडून चढ लागला की गुदमरायची. त्याचा कार्बोरेटर, प्लग, कॉइल, सगळं आधीच बदलून झालं होतं. पावसाचं पाणी टाकीत जाऊ नये म्हणून त्यानं झाकणावर प्लास्टिकची पिशवी दोरीनं घट्ट बांधली होती! चढावर थ्रॉटल (एक्सलेटर) पूर्ण उघडा, पेट्रोल भराभर ओढलं जातं, म्हणून तिथंच मरायची. ओळखायची खूण सोपी : बंद पडल्याबरोबर झाकण उघडा. फुस्स असा आवाज आला आणि मग मिनिटभरात गाडी सुरू झाली, तर चोर सापडला.

बीएस-६ गाड्या, म्हणजे धुराच्या नव्या नियमांतल्या, १ एप्रिल २०२० नंतरच्या, बहुतेक इंजेक्शनवर चालतात. त्यांत टाकीची वाफ नळीवाटे कॅनिस्टरमध्ये, म्हणजे वाफ धरून ठेवणाऱ्या डब्यात, जाते. ती नळी सीटखाली दबली का बघा, आणि टाकी गळ्यापर्यंत भरू नका, पेट्रोल त्या कॅनिस्टरमध्ये शिरतं. या गाड्यांत चावी फिरवली की दोन-तीन सेकंद टाकीतून पंपाची घरघर ऐकू येते. ती आली नाही तर पंपाचा फ्यूज, रिले, मग पंप. पंप पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो, म्हणून सदा काटा तळाशी ठेवून फिरणाऱ्यांचे पंप लवकर जातात. इंजिनाचा पिवळा दिवा पेटला तर मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा. बॅटरी बसलेली असेल तर इंजेक्शनच्या गाडीला धक्का मारण्यात घाम वाया जातो, कारण पंपालाच वीज नाही.

पेट्रोलमध्ये पाणी हा पावसाळी आजार. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी शोषून घेतं, आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं की दोघं मिळून तळाला वेगळा थर धरतात. इंजिन प्रथम हाच थर ओढतं. कार्बोरेटर असेल तर इंजिन थंड झाल्यावर त्याच्या बाउलखालचा (पेट्रोल साठवणाऱ्या वाटीखालचा) ड्रेन स्क्रू सैल करून पारदर्शक बाटलीत थोडं पेट्रोल काढा आणि उजेडात धरा. तळाला वेगळं पाणी हललं तर टाकी रिकामी करण्यावाचून गत्यंतर नाही.

सिग्नलला किंवा वळणावर थ्रॉटल सोडताच बंद पडते, पण धावताना कधीच नाही? मग आयडलिंग (थ्रॉटल सोडल्यावरचा इंजिनाचा वेग) कमी आहे किंवा थ्रॉटल बॉडीत, म्हणजे इंजिनाकडे जाणारी हवा सोडणाऱ्या भागात, काजळी जमलीय. साफसफाई करून घ्या, दुसरं काही बदलू देऊ नका.

आवळत गेलेल्या गाडीला किक मारू नका, धक्का तर मुळीच नको. पिस्टन चिकटलाय. तेल तपासा, गाडी टेम्पोत घाला.

आणि चिपळूणची एक खास भर. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी गावात शिरलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या याला गणती नाही. लोकांनी इंजिनं उघडली, तेल बदललं, गाड्या चालू झाल्या. पण वायरिंगच्या कनेक्टरांत गाळ राहिला, पितळ हिरवं पडत गेलं, आणि अशा गाड्या पुढं काही कारण नसताना खटकन मरायला लागल्या. त्यातल्या बऱ्याच विकल्या गेल्यात. जुनी गाडी घेताना सीट उचला, हेडलाइटमागचे आणि सीटखालचे एक-दोन कनेक्टर ओढून उघडा. आत हिरवट पापुद्रा दिसला तर अख्ख्या वायरिंग किटचा खर्च किमतीतून वजा करून मगच पुढं बोला.