मधपेटी उचलली की फोन वाजला पाहिजे

डोंगळ्याच्या, म्हणजे बियाण्यासाठी लावलेल्या, कांद्यावर परागीकरणासाठी मधपेट्या ठेवल्या की रात्रभर त्या वावरात एकट्या. चोर अंधारातच येतो, कारण तेव्हा माश्या आत असतात. दार बुजवलं, पेटी उचलली, संपलं. म्हणून अलार्म पेटी उचलल्यावर वाजायला हवा, कुणी जवळ आल्यावर नाही.

हालचाल ओळखणारा पीआयआर सेन्सर लावा, असं जो-तो सांगतो. लावू नका. ऊबदार शरीर हललं की तो चालतो, मग ते कुत्र्याचं असो की रानडुकराचं. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी तर हवाच अंगाइतकी तापते, तेव्हा त्याला माणूस नीट कळत नाही. मी लावला होता. रात्री दीडला मोटरसायकल काढून गेलो, तर शेजारच्या मळ्यातलं कुत्रं पेट्यांच्या स्टँडखाली गारव्याला पसरलेलं. चौथ्यांदा फोन वाजला तेव्हा मी कूस बदलून झोपलो.

घराच्या दाराला लावतात तो चुंबकी स्विच घ्या. चुंबक पेटीच्या तळपाटाखाली, स्विच स्टँडवर. पेटी उचलली की चुंबक लांब जातो, सर्किट तुटतं आणि त्याला जोडलेलं सिमवालं मॉड्यूल आपल्याला फोन लावतं.

माझं घोडं अडलं ते इथेच. आपले स्टँड लोखंडी अँगलचे. लोखंडाजवळ चुंबकाची ओढ कमी पडते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. टेबलावर मस्त चालणारा स्विच वावरात पेटी जरा सरकली की बोंबलायचा. महिनाभर मी त्या फोन लावणाऱ्या मॉड्यूलला शिव्या घातल्या. शेवटी अँगल आणि स्विच यांच्यात बोटभर जाडीची लाकडी पट्टी ठोकली आणि कटकट मिटली. चुंबक-स्विचमधलं अंतर एक सेंटीमीटरच्या आतच ठेवा.

सगळ्या पेट्यांचे स्विच एकामागोमाग एकाच तारेत जोडा. म्हणजे चोराने तार कापली तरी सर्किट तुटून फोन येतो. मात्र उंदीर-खारीनेही तार कुरतडली तर तेच होतं. तार जुन्या १६ मिलीमीटरच्या ठिबक नळीतून न्या. वावरात नळ्यांचं जाळं असतंच, त्यात ही एक कुणाच्या डोळ्यात भरत नाही.

बाकी सोपं आहे. सर्किट तुटलं की कॉल लावणारं ते सिमवालं मॉड्यूल, म्हणजे जीएसएम डायलर, १२ व्होल्टची बॅटरी आणि छोटं सोलर पॅनेल. वावरातल्या रात्रीच्या लाइटच्या भरवशावर राहू नका. टू-जी मॉड्यूल असेल तर त्यात जिओचं सिम चालणार नाही, जिओला टू-जी नाहीच. रिचार्जची तारीख लिहून ठेवा. मेसेज नको, कॉलच हवा. आणि डायलरच्या सिमचा नंबर आपल्या फोनवर सायलेंटमधूनही वाजेल अशी सेटिंग करा. डायलरमध्ये दुसरा नंबर वावरातल्या खोलीवर झोपणाऱ्या सालदाराचा टाका. भोंगा पेट्यांजवळ लावू नका, माश्या बिथरतात; सालदाराच्या खोलीवर लावा.

पेटीतल्या पोळ्याच्या चौकटी तपासायला जाल तेव्हा आधी अलार्म बंद करा. मी विसरलो होतो. माश्यांना धूर द्यायचं धुराडं एका हातात, चौकट दुसऱ्या हातात, आणि खिशात फोनचा ठणाणा.

दर पंधरा दिवसांनी रात्री एक पेटी स्वतः उचलून पाहा. खरा कॉल आला तर एकटे जाऊ नका. ११२ लावा, सालदाराला उठवा आणि गाडीचा दिवा लांबूनच पेट्यांवर मारा.