अलाइनमेंटच्या या चुका टाळा: कास्ट केलं म्हणून पत्ता सरळ होत नाही

उद्यमनगरात ‘अलाइनमेंट’ म्हटलं की लोक आधी गाडीची चाकं बघतात. मेमरीतलं अलाइनमेंट म्हणजे डेटाचा पत्ता ठरावीक आकड्याच्या पटीत असणं. त्याचंही तसंच आहे: गाडी पळतेय तोवर कुणी तपासत नाही.

गुळाच्या ढेपा तोलायच्या काट्यासाठी केलेला आमचा बोर्ड कॉर्टेक्स-एम४ (एआरएमचा छोटा प्रोसेसर) वर बिनबोभाट चालायचा. खर्च वाचवायला त्याच घराण्यातली साधी एम० चिप घेतली आणि पहिल्याच डेटा-पॅकेटला हार्डफॉल्ट, म्हणजे प्रोसेसरनं चूक पकडून काम थांबवलं. मार्केट यार्डात पाडव्याचा सौदा तोंडावर आलेला. दोन चिपा बदलल्या, सोल्डरिंग करणाऱ्या पोराला उगाच बोललो. चूक माझ्याच कोडात होती. पॅकेटचा पहिला बाइट प्रकाराचा, पुढचे ४ वजनाचे. मी दुसऱ्या बाइटचा पत्ता थेट ३२-बिट पॉइंटरमध्ये कास्ट केला होता, म्हणजे ‘इथं ४ बाइटांचा आकडा आहे’ असं कंपायलरला सांगून टाकलं होतं. अशा वाचनाला पत्ता ४ च्या पटीत लागतो, म्हणजे हेक्समध्ये शेवटचा अंक ०, ४, ८ किंवा सी. माझा १ वर संपत होता. एम४ असलं वाचन निमूट सांभाळून घेतो, एम० थेट फॉल्ट देतो.

पण एम४ वर आहात म्हणून निर्धास्त राहू नका. ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करायची कंपायलरची सेटिंग) चढवलं की कंपायलर शेजारची दोन वाचनं प्रोसेसरच्या एकाच सूचनेत जोडू शकतो, आणि जोडीनं वाचणाऱ्या त्या सूचनेला तिथंही ४ ची पट लागतेच. मग ‘डिबगमध्ये चालतं, रिलीजमध्ये मरतं’ म्हणत लोक ऑप्टिमायझेशनच बंद करतात. हा इलाज नव्हे, झाकपाक आहे.

फॉल्ट आला की स्टॅकवर (मेमरीतल्या तात्पुरत्या नोंदींच्या जागेत) जपलेला प्रोग्राम काउंटर, म्हणजे अडलेल्या सूचनेचा पत्ता काढा. फॉल्टच्या क्षणी जो स्टॅक वापरात होता, त्याच्या पॉइंटरपासून तो २४ बाइटांवर असतो. डिसअसेंब्लीत (प्रोसेसरच्या सूचनांच्या यादीत) ती ओळ शोधा, त्या सूचनेतल्या रजिस्टरमधला पत्ता बघा.

दुरुस्ती मेमकॉपीनं (बाइट नकलणारं सी भाषेतलं फंक्शन): चार बाइट साध्या व्हेरिएबलमध्ये उतरवा. मात्र मेमकॉपीला बाइटचाच पॉइंटर द्या. आधी कास्ट करून दिलात तर कंपायलर पत्ता सरळ आहे असं धरून चालतो, की पुन्हा तेच. दिसेल त्या स्ट्रक्टला (फील्डच्या गठ्ठ्याला) ‘पॅक्ड’ लावण्याची, म्हणजे फील्ड मधे जागा न सोडता चिकटवण्याची सवय तर मला अजिबात पटत नाही. त्यातल्या फील्डचा पॉइंटर दुसऱ्या फंक्शनला दिला की पॅक्डपणाची माहिती तिथंच संपते. जीसीसी कंपायलर आवृत्ती ९ पासून याची वॉर्निंग देतो. ती दाबू नका.

स्वतःचा शेड्युलर (टास्क आळीपाळीनं चालवणारा कोड) लिहिताय? प्रत्येक टास्कचा स्टॅक ८ च्या पटीवर सुरू करा. नाहीतर बाकी सगळं नीट चालेल आणि प्रिंटएफ (छपाईचं फंक्शन) फक्त दशांशाचे आकडे भलतेच छापेल. आम्हाला ढेपेचं वजन शून्य दिसायचं, आणि आम्ही लोडसेल (वजनाचा सेन्सर) बदलत बसलो होतो.

एक काम आजच करा: पॅकेट फोडणारा कोड साध्या कॉम्प्युटरवर सॅनिटायझरच्या (कंपायलरच्या चूक-शोधकाच्या) अलाइनमेंट तपासणीसह चालवा. कॉम्प्युटरचा एक्स८६ प्रोसेसर स्वतः सहसा तक्रार करत नाही, पण सॅनिटायझर ओळ क्रमांकासह सांगतो. माझी ओळ पहिल्याच खेपेला पकडली गेली.