अगाथा ख्रिस्ती : कादंबरी आणि नाटक शेजारी ठेवून कसे वाचावे

नाशिकच्या एखाद्या वाचक मंडळात परदेशी लेखिकेवर बोलण्याची पाळी आली, की बहुतेक वक्ते जन्म, विवाह, ग्रंथसंख्या असा क्रम धरतात आणि निम्मा वेळ त्यातच खर्ची पडतो. रहस्यकथा लिहिणाऱ्या इंग्रज लेखिका अगाथा ख्रिस्ती यांच्याबाबत हा क्रम मोडावा. १८९० मध्ये इंग्लंडमधील टॉर्की येथे जन्म, पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषधालयात काम करताना झालेली विषांची ओळख, १९२६ मधले अकरा दिवसांचे बेपत्ता होणे, १९३० मध्ये पुरातत्त्वज्ञ मॅक्स मॅलोवन यांच्याशी दुसरा विवाह आणि १९७६ मध्ये निधन, एवढे पाच मिनिटांत सांगून थेट नाटकांकडे वळावे. बेपत्ता प्रकरणाविषयी प्रश्न येणारच. ते शेवटी घ्यावेत, नाहीतर सभा तेथेच अडकते.

तयारीसाठी बाईंनी स्वतःच नाट्यरूप दिलेली एकच कादंबरी निवडावी. ‘स्वतःच’ या अटीला कारण आहे. ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ या कादंबरीवरून मायकेल मॉर्टन यांनी १९२८ मध्ये ‘अ‍ॅलिबाय’ हे नाटक केले, तेव्हा गावभरच्या बातम्या घरबसल्या गोळा करणाऱ्या प्रौढ कॅरोलाइनच्या जागी त्यांनी एक तरुण सुंदरी आणली. ख्रिस्ती यांना हे मुळीच रुचले नाही. पुढे १९३० मध्ये त्यांचे ‘ब्लॅक कॉफी’ हे स्वतंत्र नाटक रंगभूमीवर आले, आणि कॅरोलाइनवरचा त्यांचा जीव मिस मार्पल या त्यांच्या वृद्ध हौशी गुप्तहेर पात्रात उतरला.

माझ्या मते सुरुवातीला ‘द हॉलो’ घ्यावी. कादंबरी १९४६ ची, नाटक १९५१ चे. वही उभी दुभागून डावीकडे कादंबरीतील पात्रे व स्थळे आणि उजवीकडे नाटकातील लिहीत जावे. उजवीकडची मोकळी राहिलेली जागा हाच आपल्या भाषणाचा विषय. पहिली मोठी पोकळी पॉयरोची आहे. हा गुप्तहेर आपल्या कादंबरीत उपरा वाटतो, असे लेखिकेचेच मत झाले होते आणि नाटकातून त्यांनी त्याला सरळ वगळले. दुसरी पोकळी पोहण्याच्या तलावाची. कादंबरीत जेवणाच्या आमंत्रणावरून आलेला पॉयरो तलावाशी पोहोचतो, तर काठावर एक माणूस रक्तबंबाळ पडलेला, शेजारी हातात पिस्तूल घेतलेली व्यक्ती आणि भोवती घरची मंडळी जागच्या जागी उभी. आपली गंमत करण्यासाठी हा देखावा मांडला आहे असे वाटून तो आधी वैतागतो, आणि मग रक्ताचे थेंब पाण्यात पडताना त्याला दिसतात. हा प्रसंग नाटकाहून नाटकी आहे, तरी रंगमंचावर तो येत नाही, कारण संपूर्ण नाटक बागेकडे उघडणाऱ्या एकाच खोलीत घडते. नेपथ्याची ही मर्यादा लेखिकेने कशी पचवली, हे दाखवण्यासाठी दोन्हींतील तो भाग मोठ्याने वाचावा आणि श्रोत्यांना फरक सांगू द्यावा. ज्या शहरात वसंत कानेटकर यांच्यासारखे इंग्रजीचे प्राध्यापक आधी कादंबऱ्या लिहून मग नाटकाकडे वळले, तेथे या चर्चेला माणसे कमी पडत नाहीत.

वेळ उरल्यास शेवट बदलण्याचा मुद्दा घ्यावा. ‘अँड देन देअर वेअर नन’ ही १९३९ ची कादंबरी रंगभूमीवर आणताना गोष्ट सांगायला कोणीच उरणार नाही, अशी अडचण होती. म्हणून १९४३ च्या नाटकाला वेगळा शेवट मिळाला. मला तो सौम्य वाटतो. याउलट १९२५ च्या एका लघुकथेवरून आलेल्या ‘विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन’ (१९५३) या नाटकाला त्यांनी अखेरच्या क्षणी आणखी एक कलाटणी दिली आणि तिच्यासाठी हट्ट धरला. तो हट्ट योग्यच होता.

खुनी कोण, हे मात्र व्यासपीठावरून कधीही सांगू नये. ख्रिस्ती यांचे ‘द माउसट्रॅप’ हे नाटक १९५२ पासून लंडनमध्ये सुरू आहे, मधला खंड तेवढा कोविडच्या साथीचा, आणि प्रत्येक प्रयोगाच्या अखेरीस प्रेक्षकांना रहस्य मनात ठेवण्याची विनंती केली जाते. आपण नाशिकमध्ये बसून ती मोडण्याचे कारण नाही. ज्याच्या भूमिकेतच रहस्य आहे, त्याचे संवाद वाचायला निवडू नयेत, आणि प्रश्नोत्तरांत कोणी नाव घेऊ लागल्यास संयोजकाने नम्रपणे थांबवावे.

उत्साहाच्या भरात एखादा हौशी संघ मराठी रूपांतर करून परशुराम साईखेडकर नाट्यगृहात किंवा कालिदास कलामंदिरात प्रयोग लावायचे ठरवील. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो, म्हणजे ख्रिस्ती यांच्या लेखनावर तो २०३६ अखेरपर्यंत आहे. तेव्हा नाट्यगृहाची तारीख धरण्यापूर्वी हक्कधारकांची लेखी परवानगी मागवावी आणि ती हाती आल्यावरच तालमी सुरू कराव्यात.