ऑक्सिजन सेन्सर नवा, पण कनेक्टर जुळत नाही? मग असं करा

जळगाव-धुळ्याकडे ऑनलाइन ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे गाडीच्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा पार्ट, मागवला की बऱ्याचदा असं होतं, सेन्सरचे आटे बरोबर बसतात पण कनेक्टर वेगळाच निघतो. परत करता येत असेल तर भाऊ आधी परतच करा, आणि जुन्यावरचा पार्ट नंबर टाकून मागवा.

नसेल जमत तर वायरी मोजा. पाच-सहा असतील तर तो वाइडबँड (नेहमीच्यापेक्षा वेगळा, जास्त अचूक मोजणारा), त्याच्या कनेक्टरमध्येच कॅलिब्रेशनचा रेझिस्टर असू शकतो, त्याला हात लावू नका. चार असल्या तरी काही गाड्यांत तो एअर-फ्युएल (हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा) सेन्सर असतो, म्हणून जुना-नवा दोन्ही सेन्सर एकाच प्रकारचे आहेत याची खात्री करा.

गाडी थंड होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह काढा, २२ च्या पान्याने जुना सेन्सर काढा आणि त्याचा कनेक्टर थोडी वायर ठेवून कापा. नव्याचा कनेक्टरही कापा, कारण हा जुना कनेक्टर नव्या सेन्सरच्या वायरींना जोडायचा आहे.

आता खरं काम. रंगाला रंग जोडू नका! बॉशमध्ये साधारण दोन पांढऱ्या हीटरच्या (सेन्सर तापवणाऱ्या), काळी सिग्नलची, राखाडी ग्राउंडची. डेन्सोत दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नलची, पांढरी ग्राउंडची. म्हणजे काळीला काळी जोडली तर हीटरचे १२ व्होल्ट सिग्नलच्या लाइनमध्ये जाऊ शकतात. वायरीचं काम बघून जोडा. हीटरच्या दोघी आपसात उलट्यासुलट्या चालतात. नव्या सेन्सरच्या हीटरच्या वायरी मल्टिमीटरवर काही ओहम दाखवतात, तेवढं तपासून घ्या.

सोल्डर करायचं नाही, कारण बरेच सेन्सर बाहेरची हवा वायरीच्या तारांमधूनच आत घेतात आणि सोल्डरने ती वाट बुजते. क्रिम्प करा, म्हणजे धातूची नळी दाबून जोडा, सगळे जोड एकाच जागी शेजारी-शेजारी येऊ देऊ नका, वरून हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) घाला. साधी टेप नको, आपल्याकडे मे महिन्यात ऊन ४५ डिग्रीला टेकतं, त्यात इंजिनची धग, गोंद सुटतो. लांबी जुन्याएवढीच ठेवा, वायर सायलेन्सरला टेकायला नको की ताणली जायला नको.

सेन्सर आधी हाताने फिरवा, मग साधारण ४० ते ४५ न्यूटन-मीटरला आवळा, कनेक्टर शेवटी लावा नाहीतर वायरींना पीळ बसतो. आट्यांना सिलिकॉन अजिबात लावू नका, सेन्सर खराब होतो.

स्कॅनरने कोड पुसा. इंजिन गरम झाल्यावर पुढच्या (इंजिनाजवळच्या) सेन्सरचं रीडिंग ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये वरखाली नाचलं पाहिजे, आणि पी०१३५ (हीटरच्या सर्किटमधल्या बिघाडाचा कोड) परत आला तर आधी हीटरचे क्रिम्प उघडून बघा.