विद्यापीठ आणि रुग्णालयाचं संयुक्त संशोधन: आधी काय ठरवावं

सामंजस्य करारावर सह्या झाल्या की काम सुरू, असं समजू नका. रक्ताचे नमुने, माहिती आणि शोधनिबंधातली नावं कुणाची, हे आधीच लेखी ठरवा. भांडणं तिथेच होतात. नमुने बाहेर जाणार असतील तर हस्तांतरणाचा वेगळा करार करा.

मग रुग्णालयाच्या नैतिकता समितीची मंजुरी. समितीत किमान 7 सदस्य हवेत, अध्यक्ष संस्थेबाहेरचा. संमतीपत्र मराठीत, वॉर्डातल्या माणसाला वाचून कळेल असं लिहा. रुग्णाला वाचता येत नसेल तर अंगठ्यासोबत त्रयस्थ साक्षीदाराची सही घ्या. क्लिनिकल ट्रायल असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या भारतातल्या ट्रायल्सच्या सरकारी नोंदणी संकेतस्थळावर नोंदणी करा. नंतर केलेली चालत नाही.

खरी गफलत नमुन्यात होते. जांभळ्या झाकणाची ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेली नळी रक्त भरताच 8-10 वेळा हळुवार उलटीपालटी करा. जोरात हलवली तर पेशी फुटतात, न हलवली तर गुठळी होते. नळीवर नाव नको, फक्त सांकेतिक क्रमांक आणि रक्त काढल्याची वेळ. रात्रपाळीच्या सिस्टरांनाही हे प्रत्यक्ष करून दाखवा.