परिक्रमावासीयांचे जादा सामान : मुक्कामावरची पेटी कशी चालवावी

कार्तिकी एकादशीनंतर ओंकारेश्वराहून निघालेले पायी परिक्रमावासी नर्मदामाईला उजव्या हाताला ठेवून दक्षिण तटाने पश्चिमेकडे चालतात आणि बडवानीच्या पुढे सातपुड्यात शिरून बिलगाव, धडगाव, काठी, मोलगी या वाटेने नंदुरबार जिल्हा ओलांडतात. घरून किती जादा आणले, हे बहुतेकांना याच चढांवर कळते. म्हणून एकाने सोडलेले सामान दुसऱ्याला उचलता यावे, अशी पेटी खानदेशातल्या मुक्कामांवर असणे सोयीचे ठरते.

पेटी पत्र्याची आणि कडीची असावी. आम्ही पहिल्या वर्षी खोके ठेवले होते, तेव्हा उंदीर पहिल्याच रात्री शेंगदाण्यांपर्यंत पोहोचले. शिधा आणि पूजेचे साहित्य एकत्र ठेवू नये. कापराचा वास तांदळाला एकदा लागला की खिचडीतूनही जात नाही.

सामान निवडायचे असेल तर संध्याकाळच्या आरतीनंतर सतरंजीवर सॅक पूर्ण रिकामी करावी आणि गेल्या आठ दिवसांत ज्याला हात लागला नाही ते बाजूला काढावे. विजेरी, मलमपट्टी, पावसाचे प्लास्टिक आणि कांबळे यांना हा नियम लावू नये. ६० किलो वजनाच्या माणसाने पाठीवरच्या ओझ्याबाबत ६-७ किलोंच्या आसपास थांबलेले बरे. धडगावच्या दुपारी कांबळे नकोसे होते आणि सोडून देण्याचा मोह पडतो, परंतु डिसेंबर-जानेवारीच्या रात्री अजून जायच्या असतात आणि पुढे अमरकंटक समुद्रसपाटीपासून १,००० मीटरहून उंच आहे. परिक्रमाभर पूजेसाठी सोबत वागवायची नर्मदाजलाची कुपी पेटीजवळही नेऊ नये, हे परिक्रमावासीयाला सांगावे लागत नाही.

सदाव्रतात, म्हणजे वाटेवर परिक्रमावासीयांना होणाऱ्या मोफत वाटपात, मिळालेला शिधा हा खरा गुंतागुंतीचा भाग आहे. दोन किलोंची पिशवी कोणी उचलत नाही, कारण पुढचाही ओझे कमी करायलाच आलेला असतो. त्याऐवजी एका माणसाच्या एका वेळच्या खिचडीपुरते, म्हणजे सुमारे १०० ग्रॅम तांदूळ आणि ५० ग्रॅम डाळ, असे कापडी पुरचुंडीत बांधून त्यावर तारखेची चिठ्ठी लावावी. अशा पुरचुंड्या सकाळी निघताना सहज उचलल्या जातात. पीठ पेटीत टाकू नये, ते त्याच मुक्कामाच्या स्वयंपाकघरात द्यावे, म्हणजे त्या रात्रीच त्याच्या भाकरी होतात. सुटे तेल कितीही घट्ट बुचाचे असले तरी घेऊ नये.

औषधांबाबत कठोर राहावे. गोळ्यांची पट्टी कात्रीने कापली की नाव एका तुकड्यावर आणि मुदत दुसऱ्यावर राहते. असा तुकडा स्वीकारू नये. प्रतिजैविके तर अखंड पट्टीतलीही नकोत. क्षारसंजीवनीची (ओआरएसची) मुदतीतली पाकिटे आणि न उघडलेले बँडेज मात्र ठेवावे. वापरलेला बूट पहिल्या मालकाच्या पावलाप्रमाणे बसलेला असतो आणि दुसऱ्याला फोडच देतो, तेव्हा बूट कोरे असतील तरच घ्यावेत. विजेरीतले सेल काढून वेगळे ठेवावेत, नाहीतर ते पाझरून विजेरी निकामी करतात.

पेटीत न बसणारे फाटके-विटके कपडे वाटेतल्या पाड्यांवर वाटत जाऊ नये. याच वाटेवरच्या शूलपाणीच्या झाडीत, म्हणजे जंगलात, पूर्वी परिक्रमावासी लुटले जात, असे जुने लोक सांगतात. त्याच भागातल्या घरांतून आज चहा-भाकर मिळते आणि तिच्या बदल्यात चिंध्या देणे शोभत नाही. किमती वस्तू सोडवत नसेल तर धडगावहून टपालाने घरी पाठवावी.

पेटीशेजारी वही असावी. तीत वस्तू, तारीख आणि घेतली की नाही एवढेच लिहावे. मोबाइल क्रमांक कोणाचाही लिहून घेऊ नये. चातुर्मासापूर्वी पेटी रिकामी करावी, कांबळी धुऊन दोन दिवस कडक उन्हात घालावीत आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून बांधून ठेवावीत.