द्राक्ष निर्यातीवर एमबीएचा प्रोजेक्ट: आधी आकडे जुळवा, मग लिहा

नाशिकमध्ये इंटरनॅशनल बिझनेस शिकणाऱ्यांना एक मोठी सोय आहे. निफाड आणि दिंडोरीच्या बागा हाताशी आहेत, आणि तिथला माल थेट नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदराच्या धक्क्यावर उतरतो. व्यवहाराची दोन्ही टोकं तपासता येतात. तरीही बहुतेक प्रोजेक्ट ‘द्राक्ष निर्यात: संधी आणि आव्हाने’ अशा मथळ्यात अडकतात. त्या मथळ्यात प्रश्नच नसतो, मग उत्तर कुठून येणार?

प्रश्न ठरवताना एक माल, एक बाजार आणि एक काळ एवढंच धरा. उदाहरणार्थ: 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाऊ लागली. त्यानंतरच्या 2024 च्या हंगामात नेदरलँड्सला गेलेल्या भारतीय द्राक्षांचा किलोमागे भाव आणि महिन्यावारी वाटा कसा बदलला? इथे ‘भारतीय’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. कस्टमचे आंतरराष्ट्रीय आकडे देशाचे असतात, जिल्ह्याचे नाहीत. तो आकडा ‘नाशिकची निर्यात’ म्हणून छापला, तर तोंडी परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला अडकाल. नाशिकची बाजू मुलाखतींतून आणायची.

मग एचएस कोड, म्हणजे कस्टमसाठी प्रत्येक मालाला दिलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक. ताजी द्राक्षं 080610, बेदाणे 080620. नुसतं 0806 घेतलंत तर तासगावचा बेदाणाही तुमच्या आकड्यांत मिसळेल. पहिले सहा अंक सगळ्या देशांत सारखे असतात, त्यापुढचे ज्याचे त्याचे. म्हणून देशादेशांची तुलना सहा अंकांवरच करा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो वर्षाचा. आपला हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल, आणि आपलं आर्थिक वर्ष संपतं 31 मार्चला. म्हणजे एकाच बागेतला, एकाच छाटणीचा माल दोन वर्षांत विभागला जातो. पाऊस लांबला, छाटण्या उशिरा झाल्या आणि तोड एप्रिलमध्ये सरकली, की त्या वर्षीची निर्यात कागदावर घसरलेली आणि पुढच्या वर्षीची वाढलेली दिसते. प्रत्यक्षात माल तेवढाच गेलेला असतो. त्यामुळे वार्षिक आकडा घेऊच नका. यूएन कॉमट्रेड किंवा ट्रेड मॅप या व्यापाराच्या आकड्यांच्या वेबसाइटवरून महिन्यावारी आकडे काढा आणि स्वतः हंगाम बांधा.

आता भारताने ‘निर्यात’ म्हणून नोंदवलेला आकडा नेदरलँड्सने ‘आयात’ म्हणून नोंदवलेल्या आकड्याशेजारी ठेवा. एक्सेलमध्ये सात रकाने पुरतात: महिना, भारताकडचं वजन, किंमत, किलोमागे किंमत, आणि पुढचे तीन रकाने नेदरलँड्सकडचे. आधी वजन जुळवा, किंमत नंतर. किमती मुळातच वेगळ्या असतात: आपली निर्यात एफओबी दराने, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतच्या किमतीने नोंदली जाते, तिकडची आयात सीआयएफ दराने, म्हणजे भाडं आणि विमा धरून. मार्चमध्ये न्हावा शेवाहून निघालेला कंटेनर तिकडे एप्रिलमध्ये नोंदला जातो, केपमार्गे गेला तर आणखी उशिरा. म्हणून तिकडचा हंगाम मेपर्यंत मोजा. एवढं करूनही वजनात फरक उरला, तर रॉटरडॅमचा विचार करा. तिथे उतरलेला बराच माल जर्मनीसारख्या शेजारी देशांत पुढे जातो, आणि तो कोणाच्या खात्यावर पडेल हे नोंदीच्या पद्धतीवर ठरतं. हा फरक लपवू नका. त्यावर अर्धं पान लिहा. रिपोर्टमधलं ते सगळ्यात मोलाचं अर्धं पान असेल.

एककं तपासा. ट्रेड मॅपवर किंमत हजार डॉलरमध्ये असते, कॉमट्रेडवर डॉलरमध्ये. किलोमागे भाव एक-दोन डॉलरच्या आसपास यायला हवा. हजार पटीने चुकलेला दिसला तर चूक इथेच आहे.

नियमांचं प्रकरण थोडक्यात पण नेमकं लिहा. 2010 मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट, म्हणजे बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात ते वेलीची वाढ रोखणारं रसायन, किलोला 0.05 मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा जास्त सापडलं आणि अख्खा हंगाम अडचणीत आला. अशा इशाऱ्यांच्या नोंदी युरोपच्या रॅसफ पोर्टलवर देश आणि मालानुसार शोधता येतात. अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन प्रणालीत बागेची नोंदणी ते कंटेनर ही साखळी कशी जोडली जाते, तेही याच प्रकरणात मांडा.

मुलाखतींसाठी आठ-दहा बागायतदार आणि तीन-चार निर्यातदार पुरेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये जाऊ नका. तोड चालू असताना कोणालाच वेळ नसतो. तोडीनंतरची खरड छाटणी उरकल्यावर, मे अखेरीस जा. ‘निर्यातीत काय अडचणी येतात?’ असं विचारलं की सगळे तेच पाठ उत्तर देतात. त्याऐवजी विचारा: ‘काका, शेवटचा माल कोणत्या तारखेला तोडला? मण्याची साइज किती होती? भाव बागेत ठरला की तिकडे विकल्यावर? पैसे कधी आले, आणि पट्टीत काय काय कापलं?’ पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, दाखवली तर भाव, कपात आणि तारीख एवढंच उतरवून घ्या. परवानगी घ्या, नावं रिपोर्टमध्ये देऊ नका.

कांदा निवडलात तर सरकारी निर्णयांच्या तारखा हाच तुमचा सांगाडा: ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलर किमान निर्यात दर, 8 डिसेंबरला बंदी, 4 मे 2024 ला 550 डॉलर किमान दर आणि 40 टक्के शुल्कासह मोकळीक, सप्टेंबरमध्ये किमान दर रद्द आणि शुल्क 20 टक्के, 1 एप्रिल 2025 पासून शुल्क शून्य. मात्र लासलगावचा भाव पडला की लगेच शुल्काकडे बोट दाखवू नका. त्याच आठवड्यातली आवक शेजारच्या रकान्यात लिहा. आवक दुप्पट झाली असेल तर भाव शुल्काविनाही पडला असता.

आकडे डाउनलोड केल्याची तारीख प्रत्येक तक्त्याखाली टाका. कॉमट्रेडवरचे आकडे मागाहून सुधारले जातात, आणि मूळ फाइल जपून ठेवली नसेल तर परीक्षकासमोर तुमचा आकडा तुम्हालाच पुन्हा सापडणार नाही.